मशीन बंद, बाई वर

“राहू दे तिला वरच. खाली आली की सगळीकडे शिवाशिव करत फिरेल. आज सोवळ्याचा दिवस आहे.”

हे म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळं जोरात बोलते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत नवं लुगडं नेसून उभी होती आणि माझ्याकडे बघतच बोलत होती. मी तिच्याहून वर, गच्चीच्या कठड्याखाली, बूम लिफ्टच्या बास्केटमध्ये होते. हातात रोलर, कमरेला पट्टा, पट्ट्याची दोरी बास्केटच्या कडीत अडकवलेली.

खाली फाटकापाशी तिचा मुलगा, म्हणजे घरमालक, उभा होता. रेशमी कुर्ता, कपाळाला गंध. त्यानं मशीनवाल्या मंजण्णाला हिंदीत सांगितलं, “भैया, मशीन बंद करो. चाबी निकाल लो. पूजा में आवाज नहीं चाहिए.”

मंजण्णानं वर बोट दाखवलं. “सर, अक्का ऊपर है.”

“हाँ हाँ, रहने दो. थोड़ी देर की बात है.”

मंजण्णानं चावी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसला.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकांवर एक जाड लोखंडी हात असतो, तो लांब होतो, दुमडतो. त्याच्या टोकाला पिंजऱ्यासारखी बास्केट. बास्केटमध्ये एक लिव्हर असतो, त्यानं मी मला हवी तिकडे जाते, वर, खाली, बाजूला. पण खरी चावी खाली मशीनच्या अंगाला असते. ती काढली की वरचा लिव्हर म्हणजे नुसता दांडा. खालचा माणूस परत चावी लावेल तेव्हाच वरचा माणूस खाली येणार. म्हणजे त्या सकाळी त्यांनी मला घराच्या तोंडावर टांगून ठेवलं आणि आत जाऊन देवापुढं बसले.

म्हातारी काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द कळलं होतं. कळणारच. मराठी माझ्या मायची भाषा आहे. आम्ही मूळचे बिदरकडचे, भालकीच्या बाजूचे. तिकडे आमच्या वस्तीत घरात मराठी, बाजारात कन्नड. माझा बाप बंगळुरात आला तो उंच इमारतींना दोरीवर लोंबकळून रंग द्यायला. मी के. आर. पुरमच्या खोलीत वाढले. शाळेत कन्नड बोलले, कामावर हिंदी बोलते, भांडते मराठीत.

पण पुण्याहून नोकरीला आलेल्या या लोकांची एक ठाम समजूत असते. बंगळुरात मराठी फक्त आपल्याला येते. ड्रायव्हरसमोर, भाजीवालीसमोर, धुणंभांडी करणाऱ्या बाईसमोर ते मराठीत वाट्टेल ते बोलतात. समोरचा माणूस काळा, कपड्यांवर रंगाचे डाग, म्हणजे त्याला कन्नड येत असेल, तमिळ येत असेल. मराठी? ती कशी येईल? ती तर यांची. एवढी शिकलेली डोकी, पण एवढी साधी शंका त्यात शिरत नाही.

मीही सांगितलं नव्हतं. मराठी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो, हे मायनं मला लहानपणीच शिकवलं होतं. “बाहेर कन्नडच बोल,” ती म्हणायची. “कन्नडात कुनी इचारत नाही.” विचारतात, तिथंही विचारतात. पण मायला तेवढाच आडोसा माहीत होता.

हेब्बाळच्या तळ्याजवळचं ते घर. तीन मजली, खालून निम्मं दगडाच्या फरशीनं मढवलेलं, वर हस्तिदंती रंग. दुसऱ्या कुणाकडून विकत घेतलेलं आणि आता वास्तुशांतीआधी नव्यासारखं करायचं. मेस्त्रीनं, म्हणजे आमच्या रंगकामाच्या ठेकेदारानं, मला बास्केटचं काम दिलं होतं. ते सहज मिळालेलं नाही. बायांना आमच्याकडे घासकाम देतात. जुना रंग खरवडायचा, पॉलिशपेपरनं भिंत घासायची, दिवसभर धूळ खायची. वर जायचं ते पुरुषांनी. “बाई माणूस, चक्कर येईल,” हे मी कितीदा ऐकलं. बास्केटवर जाणारा माणूस काम सोडून गेला आणि दुसरं कुणी मिळेना, तेव्हा मेस्त्रीनं मला चढवलं. मला चक्कर आली नाही. मला तिथं आवडलं. वर वारा असतो, तळ्यावरच्या घारी समोरून जातात, आणि कुणी “ए, इकडे ये” म्हणत नाही. लिव्हर माझ्या हातात असतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काही चालवायचं आलं होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं. म्हणून मी त्या घरात पुष्कळ गिळलं.

पहिल्याच दिवशी मी घरमालकाच्या बायकोला हिंदीत विचारलं होतं, बाथरूम कुठं आहे. ती नवऱ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “एकदा दिलं की रोजचंच होईल रे. आणि स्मेल.” मग माझ्याकडे वळून गोड हसली. “दीदी, प्लंबिंग का प्रॉब्लम चल रहा है.”

प्लंबिंगचा प्रॉब्लम! बाहेरून घर रंगवणाऱ्याला आत किती बाथरूम आहेत ते भिंतीवरच्या पाइपांवरून दिसतं. पाच होती. मी एकेका बाथरूमच्या झरोक्याशेजारी ब्रश मारत होते आणि आतून फ्लशचा आवाज येत होता. घरात माणसं चार. मला मात्र गल्लीपलीकडच्या अर्धवट बांधकामात, सिमेंटच्या पोत्यांच्या आड जावं लागायचं. तिथला वॉचमन भला होता, तोंड फिरवून उभा राहायचा. कामावरच्या बाईला पाणी कमी प्यायची सवय लागते. उन्हात भिंतीला टेकून उभं राहायचं, ओठ चाटायचे आणि बाटलीकडे बघायचं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी समोरच्या बाजूचा, गच्चीखालचा पट्टा राहिला होता. मुहूर्त ठरलेला. फोटो समोरूनच निघणार. म्हणून सकाळी लवकर मला वर पाठवलं, पाहुणे यायच्या आत पट्टा मारून उतर म्हणून. पाहुणे लवकर आले. बास्केट उतरायची जागा एकच, फाटकाच्या आत, जिथं आता रांगोळी काढलेली आणि खुर्च्या मांडलेल्या. मला उतरवायचं तर खुर्च्या सरकवायला लागल्या असत्या, आणि मग मी, रंगानं माखलेली, त्यांच्या पैठण्यांमधून चालत गेले असते.

“तिला आत्ता खाली नको प्लीज,” बायको नवऱ्याला म्हणत होती. “सगळ्या फोटोत येईल ती.”

वर टांगलेली बाई फोटोत आली तर चालणार होती बहुतेक. उंचीवरून फार मोठी दिसत नसेन.

पूजा सुरू झाली. हॉलची मोठी दारं उघडी, गुरुजींचा आवाज स्पष्ट वर येत होता. धूर येत होता, तुपाचा वास येत होता. मी उरलेला पट्टा हात पोचेल तितका मारला. पुढं जायला बास्केट सरकायला हवी होती, ती सरकत नव्हती. मग मी नुसती उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं. बास्केटचा लोखंडी दांडा हाताला चटके द्यायला लागला. खाली सरबत फिरत होतं. दोन-तीन बायकांनी वर बघितलं, आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. एका माणसानं लहान मुलीला कडेवर घेऊन मला दाखवलं. “ती बघ, आंटी उडतेय.”

मला लघवीला लागली होती केव्हाचीच. आता पोटात कळा यायला लागल्या. मी मंजण्णाला हाक मारली. तो उठून मशीनपाशी आला, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, “स्वल्प तडकोळ्ळि अक्का, पूजे मुगीली.” जरा दम धर, पूजा संपू दे. त्याच्या खिशात चावी होती. त्याच्या मालकाच्या डोक्यावर घरमालक होता. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत.

मग घरमालक आचमन की काय ते उरकून पाहुण्यांना बघायला बाहेर आला, तेव्हा मी ओरडले. हिंदीत. “साब, नीचे उतारो! बाथरूम जाना है!”

त्यानं मान वर केली. पंजा दाखवला, थांब. मग मागून बाहेर आलेल्या बायकोला म्हणाला, “हिला आत्ताच लागायची होती.”

“आपल्याकडे नको हं,” ती म्हणाली. “गेस्टसाठी आत्ताच क्लीन करून घेतलंय.”

“बादल्या आहेत की तिच्याकडे वर. करेल त्यात. या लोकांना सवय असते.”

शेजारी बसलेला एक पाहुणा फसकन हसला. घरमालकही हसला. मग मंजण्णाला हिंदीत म्हणाला, “उसको बोलो, बकेट है ना.”

मंजण्णा वर बघेना. मशीनच्या चाकाकडे बघत म्हणाला, “अक्का... बकेट इदेयल्ला.”

माझ्या पायाशी बादली होती. तळाशी थोडा हस्तिदंती रंग उरलेला. सांगायला लाज वाटत नाही, राग येतो, म्हणून सांगते. मी ओढणी सोडली होती. बास्केटला भिंती नसतात, नुसते दांडे असतात. मी ओढणी दांड्यांना गुंडाळायला घेतली. ती एका बाजूला बांधली की वाऱ्यानं दुसऱ्या बाजूला सुटायची. पोटातल्या कळांनी डोळ्यांत पाणी आलं होतं. पुरुष वर बाटलीत करतात, मग मी का नाही, असं मी मनाशी म्हणत होते. मी खाली बसायला लागले, आणि दांड्यांच्या फटीतून मला तो मघाचा हसणारा पाहुणा दिसला. त्यानं मोबाइल वर धरला होता. माझ्याकडे.

मी उठले. ओढणी परत गळ्यात घातली. दांड्यावर दोन्ही हात टेकून वाकले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

“ओ साहेब! बादलीत तुमी करा! मला खाली उतरवा. मला तुमची मराठी कळती. पैल्या दिवसापासून समदी कळती!”

आत गुरुजी थांबले. घंटा वाजायची थांबली.

“प्लंबिंगला काही झालं नव्हतं. वास येईल म्हनल्या तुमच्या बाई. तुमच्या आई म्हनल्या, शिवाशिव होईल. आता समद्यांसमोर म्हना की! पावने ऐकू देत!”

आणि सगळ्यात पहिल्यांदा आवाज आला तो गॅलरीतून. म्हातारीचा.

“अगंबाई! हिला मराठी येते!”

एवढंच सुचलं तिला. मी सकाळपासून उन्हात टांगलेली आहे, माझी लघवी तुंबलेली आहे, मला बादली दाखवली आहे, यातल्या कशानंही ती दचकली नव्हती. दचकली ती मला ऐकू गेलं म्हणून. खाली घरमालकाचा चेहरा उतरला तोही तेवढ्यासाठीच. बोललो याची लाज नाही, पकडलो गेलो याची लाज. इतकी स्वस्त लाज मी आधी पाहिली नव्हती.

मला वाटलं, पाहुण्यांपैकी एकजण तरी म्हणेल, अहो, उतरवा तिला. कुणी म्हणालं नाही. काहींनी सरबताच्या ग्लासात बघितलं. मोबाइलवाल्यानं मोबाइल खिशात टाकला. घरमालक दोन्ही हात खाली-वर करत होता. “ताई, हळू बोला, प्लीज हळू. तुम्ही जरा शांत व्हा.” सकाळपासून मी ‘ती’ होते, ‘ही’ होते. आता एकदम ताई झाले, तुम्ही झाले. आवाज चढवल्याशिवाय या लोकांच्या तोंडात आदर येत नाही, हे मला तिथं वर कळलं.

मंजण्णानं कुणाच्या हुकमाची वाट बघितली नाही. चावी लावली, मशीन सुरू केलं. डिझेलचा आवाज सगळ्या गल्लीत भरला, होमाच्या धुरात मशीनचा धूर मिसळला. लिव्हर परत माझ्या हातात आला. मी बास्केट खाली घेतली. खुर्च्यांवरची माणसं आपापल्या खुर्च्या उचलून पळाली. रांगोळी वाचवता आली असती. मी वाचवली नाही.

कमरेचा पट्टा सोडला आणि बूट न काढता आत गेले. कुणालाही विचारलं नाही. हॉलमधून, गुरुजींच्या शेजारून, सरळ. पाइप कुठल्या भिंतीला आहेत ते मला माहीत होतं, दार बरोबर सापडलं. आत फुलांची परडी, सुगंधी मेणबत्ती, पांढरे रुमाल घडी घालून ठेवलेले. मी वेळ घेतला. साबणानं हात धुतले, तोंड धुतलं, त्या पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमालावर रंग लागला.

दार उघडलं तर बाहेर बायको उभी. हातात फिनेलची बाटली. मला बघून ती बाटली पाठीमागे धरली आणि तेच गोड हसू काढलं.

“ताई, अहो तुम्ही मराठी आहात हे सांगायचं ना! आम्हाला काय माहीत. आपल्यातल्याच निघालात.”

“मराठी नसते तर?” मी विचारलं. “तर बादलीच होती ना?”

म्हातारी जिन्यावरून हळूहळू खाली आली होती. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. तिला अजून आशा होती.

“आडनाव काय गं तुझं?”

मी सांगितलं. पूर्ण, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं. हॉलमध्ये सगळ्यांनाच ऐकू गेलं. म्हातारीनं पदर अंगाभोवती आवळून घेतला आणि एक पायरी मागे, वर चढली. बायकोचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते विझलेलं होतं. ‘आपल्यातल्या’ होऊन मला दोन मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात मी परत त्यांच्यातली राहिले नाही.

तेव्हा माझ्यातलं काहीतरी कायमचं सरळ झालं. हे आडनाव मी आयुष्यभर जिभेखाली दाबून ठेवलं होतं. कशासाठी? या बाईनं पदर आवळू नये म्हणून? हिच्या पदराला मी भीत होते? फिनेलची बाटली पाठीमागे लपवणाऱ्या या माणसांना? मला हसू आलं. खरंच आलं. मी त्यांच्यासमोर हसले आणि बाहेर पडले. घरमालक मागून म्हणाला, “ताई, प्रसाद तरी घ्या.” कुणीतरी शिऱ्याचा द्रोण आणला आणि माझ्या हातात न देता फाटकाच्या कट्ट्यावर ठेवला. त्याही वेळी. मी तो तिथंच राहू दिला.

संध्याकाळी मेस्त्रीचा फोन आला. तो वाईट माणूस नाही, पण त्याला पुढची कामं अशाच घरांतून मिळतात. म्हणाला, “साब बहुत नाराज है. फोन पे सॉरी बोल दे, एक मिनट का काम है. कल से फिर बास्केट. नहीं तो घिसाई में जा.”

मी म्हटलं, “सॉरी किस बात का?”

“बात को छोड़ ना. बोल दे बस.”

माय शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “म्हन की बाई. तोंडच हालवायचं हाय. त्ये काम तुला आवडतंय.”

आवडतं. तेच तर दुखत होतं. मी रात्रीचं जेवण जेवले नाही. मायला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. मायचाच राग आला होता मला, आणि राग आल्याचं वाईटही वाटत होतं. तिनं मला आवाज खाली ठेवायला शिकवलं, कारण तिला वाचवायचं होतं मला. पण आवाज खाली ठेवून मी वाचले नव्हते. आवाज खाली होता म्हणूनच तर ते माझ्यासमोर बोलत होते.

“मी म्हननार नाही,” मी मायला सांगितलं. “आन यापुढं कन्नडच्या आड पन लपनार नाही.”

मेस्त्रीनं शब्द पाळला. मला घासकामात टाकलं. गेले काही महिने मी भिंती घासते. नाकातोंडात धूळ जाते, रात्री खोकला येतो, बोटांची टोकं सोलपटतात. मान वर केली की दुसरं कुणीतरी बास्केटमध्ये दिसतं, आणि माझा हात आपोआप लिव्हर धरल्यासारखा होतो. मेस्त्री मधूनमधून विचारतो, “सोचा क्या?” वर जाणारी माणसं त्याला कमी पडतात.

मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. मी वर जाईन, कारण ते काम मला येतं आणि ते माझं आहे. पण चढण्याआधी घरमालकाला विचारणार, माझं बाथरूम कोणतं. मराठी घर असेल तर मराठीतच विचारणार, आणि आडनाव त्यांनी विचारायच्या आत सांगणार. पदर आवळायचा तर तेव्हाच आवळून घ्या. बाथरूम दाखवलं नाही, तर मी पट्टा बांधणार नाही आणि त्यांची भिंत आहे तशी राहील. मी वर असताना मशीनची चावी माझ्याशिवाय कुणाच्या हुकमानं निघणार नाही, हेही त्यांच्यासमोर बोलून घेणार. एवढं जमत असेल तर बोलव म्हटलं, नाहीतर घासकाम आहेच.

राहता राहिलं ते सॉरी. ते मी म्हणणार नाही. आणि उद्या त्यांना म्हणावंसं वाटलं, तर ते ऐकायला मी त्या दारात जाणार नाही.